बापासमोर न ओढलेली बिडी

ज्यांच्या हातात आज छातीचा फोटो आहे आणि घरी काय सांगावं ते सुचत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. औषधांची नावं यात सापडणार नाहीत. ती मला तेव्हाही नीट उच्चारता येत नव्हती, आणि प्रत्येकाची वेगळी असतात.

मी शाळेत सातवीपर्यंत शिकलो, पुढचं गुऱ्हाळावर शिकलो. दौंड तालुक्यात, कासुर्डीच्या अलीकडं पलीकडं, वीस-बावीस वर्षं मी गुळव्या होतो. काहिलीत उसाचा रस उकळतो, त्याचा पाक नेमका कधी झाला आणि काहील चुलवाणावरून कधी उतरवायची हे जो ठरवतो तो गुळव्या. जरा आधी उतरवली तर गूळ धरत नाही, जरा उशीर झाला तर काळा पडतो आणि मालक तोंड वाकडं करतो. मला पाक वासावरून कळायचा. लोक म्हणायचे, नामाचं नाक म्हणजे नाक आहे. असल्या नाकाच्या माणसाला आपल्या छातीत काय शिजतंय ते चार महिने कळलं नाही, आणि त्यात चूक दुसऱ्या कुणाची नव्हती, माझी होती. ती आधी सांगून टाकतो, म्हणजे बाकीचं सांगायला तोंड राहील.

आमच्याकडची रीत

आमचे आजे-पणजे मेंढरं घेऊन फिरायचे. आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, मेंढरं विकली, विहीर पाडली आणि आम्ही एका जागी बसलो. मेंढरं गेली तरी मेंढक्यांच्या काही रीती राहिल्या. त्यातली एक म्हणजे बापासमोर आणि थोरल्या भावासमोर बिडी ओढायची नाही. ओढायची नाही असं कुणी सांगत नाही. ओढायची, पण दिसू द्यायची नाही.

आबा स्वतः चिलीम ओढायचे. अंगणात बाजेवर बसून, सगळ्या गावासमोर. त्यांना तो मान होता. मी चौदाव्या वर्षी पहिली बिडी ओढली आणि चव्वेचाळिसाव्या वर्षीही, माझा पोरगा आयटीआयला जायला लागला तरी, आबा दिसले की बिडी टाकून द्यायचो. गुऱ्हाळावर असलो तर चुलवाणात, रानात असलो तर पाटाच्या पाण्यात. एकदा टाकायला जागाच नव्हती, तेव्हा पेटती बिडी मुठीत धरून आबांशी ऊसतोडीवर बोलत उभा राहिलो. आबांनी त्या दिवशी भारी लांबण लावली. तळहाताला फोड आला. तो हौसाला, माझ्या बायकोला, दाखवला तर तिने तेल लावलं आणि म्हणाली, "आणखी थोडा येळ बोलत बसायचं की."

दिवसाला दोन बंडलं. पाहुणे आले, रात्रपाळीला रसाचं आधण काहिलीत चढलं, तर जास्त. हे सगळ्या गावाला माहीत होतं. आबांना माहीत नाही असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

"न्हाई जी"

त्या वर्षी दिवाळीनंतर गुऱ्हाळं सुरू झाली आणि माझा खोकलाही. चुलवाणात उसाच्या चिपाडाचा धूर असतो, खोकला कुणाला नसतो? पण एका सकाळी टॉवेलावर रक्ताचा ठिपका पडला. हौसाने तो पाहिला आणि तासाभरात घरात सगळ्यांना कळलं. आबा म्हणाले, "म्या येतो संगट." सत्तरीच्या पुढचा माणूस, पण पटका बांधून आमच्या आधी स्टँडवर जाऊन बसला.

दौंडचे डॉक्टर शांत स्वभावाचे होते. फोटो काढला. उजेडासमोर धरला. फुप्फुसाच्या वरच्या अंगाला डाग होता. मग त्यांनी कागद ओढला आणि विचारायला लागले. ताप येतो का, वजन घटलं का, घरात कुणाला टीबी होता का. शेवटी विचारलं, "बिडी, सिगारेट?"

आबा माझ्या शेजारच्या स्टुलावर बसले होते. गुडघ्याला गुडघा लागत होता.

"न्हाई जी," मी म्हणालो.

"कधीच नाही?"

"न्हाई जी. आमच्यात चालत न्हाई."

ते वाक्य आठवलं की आजही अंगाला काटा येतो. "आमच्यात चालत न्हाई"! आणि बाजूला आबांच्या खिशात चिलमीला गुंडाळायचं फडकं, छापी. हौसा दाराशी पदर घेऊन उभी होती. तिने माझ्याकडं एकदाच पाहिलं. सासऱ्यासमोर ती बोलणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. थुंकीत जंतू सापडले नव्हते, पण आमच्या भागात असा डाग आणि असा खोकला म्हणजे बहुतेक वेळा टीबीच. डॉक्टरांनी टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. त्यांनी विचारायचं ते विचारलं होतं. मी सांगायचं ते सांगितलं नव्हतं.

घरी आल्यावर हौसा म्हणाली, "डाक्टरला खोटं सांगितलंत तुमी."

"आबा हुते ना तितं."

"मग आबांना भाईर बसवायचं."

"आन् कसं सांगू आबांना, भाईर बसा म्हणून?"

लाल-पिवळ्या गोळ्या घ्यायच्या आणि वर बिडी ओढायची, असे चार महिने मी काढले. इतका मूर्खपणा एकट्याने जमत नाही, त्याला सगळ्या घराची साथ लागते.

हौसाने तोंड उघडलं

चार महिन्यांनी दुसरा फोटो निघाला. डॉक्टरांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. डाग गेला नव्हता. वाढला होता. माझं वजन सात किलोने उतरलं होतं आणि दोन पायऱ्या चढलो की मी भिंत धरायचो.

"गोळ्या चुकवल्या?"

"एकबी न्हाई," मी म्हणालो. हे खरं होतं.

डॉक्टरांनी पहिल्या दिवशीचा कागद काढला. मग म्हणाले, "पुन्हा विचारतो. बिडी कधीच ओढली नाही ना तुम्ही?"

आबा तसेच शेजारी. मी त्यांच्या पटक्याकडं बघत राहिलो. मरण समोर दिसत असताना माणसाने खरं बोलावं की नाही? पण खरं सांगतो, त्या घडीला मला मरणापेक्षा आबांचीच भीती जास्त वाटत होती. भीती नव्हे, लाज. लाजेला कारण लागत नाही.

तेवढ्यात दाराशी बांगड्या वाजल्या.

हौसा आमच्या घरात आली त्याला बावीस वर्षं झाली होती. त्या बावीस वर्षांत ती आबांशी समोरासमोर एक अख्खं वाक्य बोलली नव्हती. बोलायचं असलं की पोराला पुढं करायची, "जा, आबांना म्हणावं ताट वाढलंय." पोरगा घरात नसला तर म्हशीला सांगायची आणि आबा ऐकायचे. ती बाई त्या दिवशी तरातरा चालत टेबलापाशी आली आणि माझ्या आणि आबांच्या मधे उभी राहिली.

"डाक्टरसाहेब, ह्ये खोटं बोलत्यात. दिसाला दोन बंडलं वढत्यात. लगीन हून आले तवापास्नं बघती म्या. त्याच्या आधीचं मला म्हाईत न्हाई."

बोलून झाल्यावर तिने टेबलाची कड धरली. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ते माझ्यावर ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, "हे पहिल्या दिवशी कळलं असतं तर पहिल्याच फोटोनंतर तुम्हाला पुण्याला पाठवलं असतं." आणि लगेच चिठ्ठी लिहायला घेतली. चार महिन्यांचा हिशेब काढत बसण्यापेक्षा त्यांनी चिठ्ठी लिहिली, याबद्दल मी त्यांना मानतो.

बाहेर आलो. स्टँडवर बाकड्यावर तिघं बसलो. मधे आबा. कुणी कुणाकडं बघेना. शेवटी हौसाच म्हणाली, पण आता जमिनीकडं बघून, "मामंजी, माझं चुकलं आसंल."

"तुझं न्हाई चुकलं, पोरी," आबा म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "नामा, मला काय म्हाईत न्हाई व्हय रं? तीस वर्सं तुझ्या बंडीला वास येतोय. म्या गोठ्यात येताना, गुऱ्हाळावर येताना खाकरत यायचो, ते काय मला कफ हुता म्हणून? तुला इझवायला टाइम मिळावा म्हणून खाकरत हुतो."

मी तीस वर्षं बापाचा मान राखतोय असं समजत होतो, आणि बाप तीस वर्षं माझी लाज झाकत होता. दोघंही एकमेकांना जपत होतो आणि मधल्यामधे माझी छाती जळत होती. मी त्या भरल्या स्टँडवर, शेंगदाणेवाल्यासमोर, मोठ्याने रडलो. आबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. लहानपणानंतर पहिल्यांदा.

पुण्याला

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात घशातून नळी घालून त्या डागाचा तुकडा काढला. त्याचा रिपोर्ट यायला आठ दिवस लागले. ते आठ दिवस कसे काढावे हे मला कुणी विचारलं तर सांगता येणार नाही. मी कांद्याच्या पिशव्या शिवल्या. गरज नव्हती, शिवल्या.

रिपोर्ट सांगणाऱ्या डॉक्टरबाई माझ्या भाचीच्या वयाच्या होत्या. त्यांनी आधी विचारलं, "सोबत आलेत त्यांना थोडा वेळ बाहेर बसवू का?"

मागे आबा, हौसा आणि पोरगा संतोष उभे होते. मी म्हणालो, "बसू द्या इथंच. आता लपवायचं काही राहिलं न्हाई."

त्यांनी कॅन्सर हा शब्द सरळ उच्चारला. आजूबाजूने फिरवून आणला नाही. गाठ फुप्फुसाच्या एका भागात आहे, बाहेर पसरलेली दिसत नाही, तो भाग काढता येईल. "उशीर झालाय काका, पण गाडी सुटलेली नाही. मात्र आजपासून एकही बिडी नाही. ऑपरेशन मी करू शकते, बिडी तुम्हालाच सोडावी लागेल."

मला सगळ्यात आधी काय वाटलं ते लिहितो, कारण तुम्हालाही असलं काहीतरी वाटेल आणि मग आपलीच लाज वाटेल. मला वाटलं, आता गुऱ्हाळावर पाक कोण बघणार? पोरगा, बायको, आबा सगळे मागं उभे, आणि माझ्या डोक्यात काहील. मरणाचा विचार घरी आल्यावर, भाकरी मोडताना आला. घास हातात राहिला.

टपरीवाला

बिडी सोडणं ऑपरेशनपेक्षा अवघड गेलं. ऑपरेशनला भूल देतात.

वॉर्डात भरती झाल्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी हौसा कपडे धुवायला गेली होती. मी हळूच जिना उतरून फाटकाबाहेर टपरीवर गेलो. एक बिडी द्या म्हणालो. टपरीवाल्याने माझ्या मनगटाला बांधलेली पट्टी पाहिली.

"कुठल्या वॉर्डातले?"

मी सांगितला.

"त्या वॉर्डातल्या माणसाला मी देत न्हाई, मामा. धंदा हाये माझा, साऱ्या जगाला इकतो, पर तेवढं पाळतो. लिमलेटची गोळी घ्या."

मला असा राग आला! बिडी विकणारा मला शहाणपण शिकवतो! पण गोळी घेतली आणि चघळत वर आलो. मला त्या दिवशी बिडी मिळाली असती तर दुसरीही मिळाली असती, हे मी स्वतःला ओळखून सांगतो. त्या माणसाचं नाव मी विचारलं नाही, आणि ते राहून गेल्याचं मला वाईट वाटतं.

वॉर्ड

सकाळी फिनेलच्या वासाने जाग यायची. मग थर्मामीटर, चहा, राउंड. ऑपरेशननंतर छातीतून एक नळी निघाली होती आणि ती एका बाटलीत सोडली होती. ती बाटली हातात धरून वॉर्डात फेऱ्या मारायच्या. आम्ही चार-पाच जण ओळीने बाटल्या घेऊन हिंडायचो. कुणी नवा आला तर घाबरून बघायचा, आणि चार दिवसांनी तोही ओळीत.

लिसी सिस्टर केरळच्या होत्या. मराठी त्यांनी आपल्या पद्धतीने बसवली होती. रोज सकाळी पलंगाशी उभ्या राहायच्या. "काका, खोकला करा."

"दुखतंय, सिस्टर."

"दुखते? दुखू दे. खोकला करा."

त्या माझ्या टाक्यांवर उशी दाबून धरायच्या आणि मी खोकायचो. डोळ्यांसमोर काजवे चमकायचे. कफ निघाला की त्या असं काही तोंड भरून हसायच्या की जणू मी परीक्षेत पहिला आलोय. मग तीन गोळ्यांचं यंत्र. नळीतून श्वास ओढायचा आणि आतल्या प्लॅस्टिकच्या गोळ्या वर उचलायच्या. पहिले दोन दिवस एक गोळी जेमतेम हलली. आबा भेटायला आले, त्यांनी ते यंत्र हातात घेतलं आणि एका दमात तिन्ही गोळ्या वर नेल्या. चिलीम ओढणारा म्हातारा! सगळा वॉर्ड हसला. मी हसलो तर टाके ओढले गेले, आणि मी हसत-रडत आबांना म्हणालो, "आबा, तुमी नगा येऊ परत."

आबा हसले नाहीत. यंत्राकडं बघत बसले. "तुझ्या वाटणीचा दम मला कशापायी दिला देवानं," म्हणाले.

त्यानंतर आबांच्या हातात मी चिलीम पाहिली नाही. त्यांनी शपथ वगैरे घेतली नाही. काही महिन्यांनी मी विचारलं तर म्हणाले, "मज्जा यीना." साऱ्या जन्माची सवय या दोन शब्दांत सोडणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. पुढं चार वर्षांनी ते वय होऊन गेले.

कागदावर माझी नोंद

वॉर्डात एक बाई यायच्या. डॉक्टर नाही, नर्स नाही. खांद्याला पिशवी, हातात छापील कागद. घरची माणसं डबा घेऊन गेली की त्या यायच्या. त्यांनी मला विचारलं, गाव कोणतं, काम काय, पहिली बिडी कितव्या वर्षी, दिवसाला किती, चुलीचा धूर किती, घरात आणखी कोण ओढतं.

मी विचारलं, "बाई, हे कशाला? माझं तर ऑपरेशन झालं."

त्या पलंगाच्या कडेला बसल्या. म्हणाल्या, असे कागद देशात ठिकठिकाणी भरले जातात. ते एकत्र केले की कुठल्या भागात कुठला कॅन्सर वाढतोय, कुठल्या वयात, कुठल्या सवयीमुळं, ते दिसतं. मग दिल्लीत बसलेल्या माणसाला सांगता येतं की बाबा, कायदा कर, पाकिटावर सूचना मोठी छाप, शाळेजवळची टपरी उठव. "तोंडी सांगितलं तर कुणी ऐकत नाही, काका. कागद दाखवावा लागतो."

"आन् लोक खरं सांगत्यात?"

"घरच्यांसमोर विचारलं तर नाही सांगत. म्हणून मी एकटं गाठते."

मला दौंडचं ते स्टूल आठवलं. माझं "न्हाई जी" जर या बाईंच्या कागदावर गेलं असतं, तर साऱ्या देशाच्या नोंदीत बिडी न ओढणारा एक कॅन्सरवाला उगाच वाढला असता. आणि मी काही एकटा नाही. आमच्या भागातले सगळे पोरगे बापासमोर न ओढणारेच आहेत. या बाई उन्हातान्हात पिशवी घेऊन असल्या खोटेपणातून एकेक खरा कागद जमवत होत्या. कुणी त्यांना हार घालणार नव्हतं. ऑपरेशन करणाऱ्या हातांना मी नमस्कार करतोच, पण त्या पिशवीलाही करतो.

मी म्हणालो, "लिहा. चौदाव्या वर्षी. दिसाला दोन बंडलं, आधण असलं तर तीन." मला ते मोठ्याने बोलताना हलकं वाटलं.

घरातली ओढाताण

घरी आल्यावर सगळं गोड झालं असं नाही. गुऱ्हाळाच्या धुरात उभं राहायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मालक भला माणूस. म्हणाला, लांब खुर्ची टाकून बस आणि नुसता वास घेऊन सांग. दोन दिवस बसलो. धूर वळला की जीव घाबरा व्हायचा. तिसऱ्या दिवशी उठून घरी आलो. ज्याला लोक हात जोडून न्यायला यायचे, तो आता ओट्यावर बसून वाल सोलत होता.

संतोषने आयटीआय संपवून सणसवाडीला कंपनीत काम धरलं आणि तिथंच खोली घेऊन राहिला. रान, जनावरं, मी, आबा, सगळं हौसावर आलं. एक दिवस दूध सांडलं की असंच काहीतरी झालं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तुला काय, तू तर भर दवाखान्यात माझी इज्जत काढलीस."

ती चूल सारवत होती. हात थांबला. "मग मुकी ऱ्हाऊन पांढऱ्या कपाळानं बसले आसते, तर इज्जत ऱ्हायली आसती का तुमची?"

मी उठून बाहेर गेलो. तासाभराने परत आलो आणि तिला म्हणालो की तू त्या दिवशी बोलली नसतीस तर मी आज भांडायलाही नसतो. हे बोलायला मला एक वर्ष लागलं होतं. ती म्हणाली, "आता बोललात ना? मग ते वाल निवडून द्या." आमच्याकडं याहून जास्त कौतुक कुणी करत नाही आणि करून घेत नाही.

पाठीवर माझ्या वीतभर लांब व्रण आहे. आंघोळीला तीच पाठ चोळते. गावात अशा कितीतरी बायका आहेत ज्या दाराशी पदर घेऊन उभ्या असतात आणि ज्यांना सगळं माहीत असतं. डॉक्टरांनो, एकदा त्यांच्याकडंही बघून विचारा.

शिरूरच्या गाडीत

हौसाचं माहेर शिरूरकडं, घोड नदीच्या काठाला. हवा बदल म्हणून मी तिथं महिना महिना जाऊन राहायचो. तोवर चारचौघांत ओढायला बंदीचा कायदा आला होता. तो ऐकून गावात लोक हसले होते. मलाही वाटलं होतं की आम्हाला चोरून ओढायची पिढ्यान् पिढ्यांची सवय, आम्हाला कायदा काय करणार!

एकदा दौंड-शिरूर एस.टी.त न्हावऱ्याच्या अलीकडं मागच्या बाकावर एकाने बिडी पेटवली. धूर पुढं आला. माझी छाती आवळली आणि मी खिडकीत तोंड घातलं. कंडक्टर पोरगेला होता, अंगाने काडी. तो मागे गेला आणि म्हणाला, "दादा, इझवा."

"आरं, आख्खं आयुष्य वढतोय गाडीत."

"आता न्हाई वढायची. नियम हाये. इझवा, न्हाईतर मी गाडी थांबवतो, तुमी खाली हुभं राहून निवांत वढा, आमी जातो."

गाडीतले लोक हसले. बिडी विझली. कंडक्टरला माझी छाती माहीत नव्हती. तो त्याचं काम करत होता. कुणीतरी कागद भरले, कुणीतरी ते दिल्लीला नेले, कुणीतरी कायदा लिहिला, आणि एका कंडक्टरने तो न्हावऱ्याजवळ पाळून घेतला, म्हणून मी शिरूरपर्यंत श्वास घेऊ शकलो. शिरूरला उतरताना मी त्याचा हात हातात घेतला. तो गोंधळला. "काय झालं, मामा?" म्हणाला.

सणसवाडीची खोली

आज ऑपरेशनला आठवं वर्ष चालू आहे. तपासणीला जातो, फोटो काढतो, डॉक्टरबाई मान हलवतात, मी घरी येतो. लोकांना हे सुखाने संपलं असं वाटतं. मला तसं वाटत नव्हतं, कारण गेल्या वर्षी संतोषच्या धुवायला आलेल्या शर्टाचा वास मी घेतला. अर्धं फुप्फुस गेलं, नाक अजून शाबूत आहे.

हौसाला काही बोललो नाही. रविवार बघून एकटाच सणसवाडीला गेलो. एका खोलीत चार पोरं, दोन बिहारची, एक लातूरकडचा, आणि हा. बाकीची पोरं मला बघून चहाच्या निमित्ताने बाहेर गेली. संतोषने खाटेवरचे कपडे बाजूला सारले. मी बसलो. तो उभाच राहिला.

"संतोष, वढतोस का?"

त्याचे कान लाल झाले. मी त्याचं तोंड बघत होतो. त्या तोंडावर काय चाललंय ते मला पाठ होतं. पायांची चुळबुळ, आणि "न्हाई" हा शब्द ओठांवर आलेला. तो शब्द त्याने उच्चारला असता तर मी काय केलं असतं ते मला माहीत नाही. मारलं नसतं. उठून गेलो असतो बहुतेक, आणि तोही मला गावच्या गाडीपर्यंत सोडायला आला असता, आणि आम्ही पावसापाण्यावर बोललो असतो.

मी म्हणालो, "तू काय बी सांग. म्या हितनं उठणार न्हाई."

तो खाटेवर माझ्या शेजारी बसला. दोन्ही हात गुडघ्यांत धरले.

"व्हय, आण्णा," म्हणाला. "दिसाला चार-पाच. नाइट आसली की पाकीट जातं."

मला राग यायला हवा होता, आणि तो थोडा आलाही. पण त्याच्याआधी दुसरंच काहीतरी भरून आलं, आणि मी त्याचा हात घट्ट धरला. आमच्या घराण्यात बापाच्या तोंडावर हे सांगणारा तो पहिला.

"कवापास्नं?" मी विचारलं, आणि तो सांगायला लागला.